एक आत, एक बाहेर

आमच्या गावात चॅरिटी शॉपला काही द्यायचं असेल तर आधी गाडीत पेट्रोल भरावं लागतं. मिल्टन कीन्समध्ये अशी, जुन्या वस्तू दान घेऊन विकणारी दुकानं पुष्कळ आहेत, पण तिथे वस्तू ठेवून मोकळं व्हायची चैन आम्हा मराठी घरांना परवडत नाही. आम्ही बेडफर्डला जातो, नॉर्थॅम्प्टनला जातो. एका जोडप्याने तर नातेवाइकांना भेटायच्या निमित्ताने पार ग्लासगोला एक समई सोडली. या प्रकाराला आमच्या मंडळात विसर्जन म्हणतात. आणि याला कारण एकच. काका.

काका माझे कोणी लागत नाहीत. या देशात आपल्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठा मराठी माणूस आपोआप काका होतो, तसे ते सगळ्यांचे काका. आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे राहतात. आयुष्य लंडनच्या हाउन्सलोत गेलं. तिथे एका वर्कशॉपमध्ये विमानांच्या सुट्या भागांवर नंबर कोरायचं काम करत. निवृत्त झाल्यावर घर विकून इकडे आले, पण कोरायची सवय काही त्यांनी हाउन्सलोला ठेवली नाही. माणूस उंचीला बेताचा, खिसे मात्र अफाट. एकात लोहचुंबक, एकात मोजपट्टी, आणि कोटाच्या आतल्या खिशात पेनाएवढं, बॅटरीवर चालणारं, नावं घालायचं यंत्र.

आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात, हे मला ठाऊक होतं. माझ्या आईच्या प्रत्येक वाटीवर कोणत्या ना कोणत्या मामाचं नाव होतं. मंडळाच्या गणपतीत पंचवीस घरांची पातेली एकाच हॉलच्या सिंकमध्ये पडतात, तेव्हा काकांचं यंत्र घर्रर्र करत फिरतं आणि भांडणं वाचतात, हेही मान्य. पण काका तिथे थांबत नाहीत. अशा चॅरिटी शॉपमधून घेतलेल्या प्रत्येक वस्तूवर ते कोरतात. आणि घेतलेली वस्तू आज ना उद्या कोणाला तरी भेट देतात, तेव्हा त्या माणसाचं नाव कोरतात. सुवाच्य, ठसठशीत, न पुसणारं.

म्हणजे बघा. तुम्हाला एक वस्तू मिळते. ती तुम्हाला नको असते. तिच्यावर तुमचं नाव असतं. तुम्ही ती गावातल्या दुकानात देता. त्या दुकानात दर आठवड्याला एकच मराठी वाचणारा माणूस येतो. पुढचं मी सांगायला नको.

हे देणं-घेणं सुरू झालं काकूंमुळे. हाउन्सलोचं घर रिकामं करताना काकूंनी म्हणे गॅरेजमध्ये तीन तास बसून रडून घेतलं, आणि बाहेर येऊन कायदा केला: नव्या घरात एक वस्तू आत आली की एक बाहेर जायची. त्याच दिवशी. काका कायदा पाळणारे गृहस्थ. शनिवारी सकाळी एक आणायचं, संध्याकाळी एक आम्हाला द्यायचं. काकूंचं घर आरशासारखं लख्ख, आणि आमची सगळ्यांची घरं म्हणजे काकांचं गोदाम.

काका गाडी चालवत नाहीत. बसचा फुकट पास आहे, पण शनिवारी त्यांना मी लागते.

"तुला काही काम नाही ना?" असा फोन येतो. प्रश्न विचारून ते उत्तराला जागाच ठेवत नाहीत. "मग दहाला निघू. मांजरांचं, मग गाढवांचं, मग बोटींचं."

दुकान ज्याच्यासाठी पैसे जमवतं त्यावरून त्यांनी नावं पाडली आहेत. मिल्टन कीन्समध्ये चौकाऐवजी गोल चक्करं आहेत, एकामागून एक, आणि काकांच्या मते प्रत्येक चक्कर हे एखाद्या दुकानाचा रस्ता दाखवण्यासाठीच बांधलेलं आहे. "इथून तिसरा एक्झिट, मांजरं. अगं चुकलीस! असू दे, फिरून ये, मांजरं कुठे पळतायत." एकदा मी वैतागून एकाच चक्कराला चार फेऱ्या मारल्या. काका शांतपणे म्हणाले, "देवळात सुद्धा तीनच मारतात."

दुकानात शिरल्यावर माणूस बदलतो. मान जराशी कलते, डोळे बारीक होतात, हात मागे बांधले जातात. वस्तू आवडली तर ते तिच्याकडे पाहतच नाहीत. शेजारच्या वस्तूला हात लावतात, तिची निंदा करतात, आणि मग सहज म्हणून हवी ती उचलतात. चुंबक लावतात. टिचकी मारून कानाशी धरतात. मग घासाघीस. चॅरिटी शॉपमध्ये! जिथे काउंटरवरच्या आजीबाई फुकट राबतात, आणि पैसे जातात म्हाताऱ्या गाढवांना!

"मॅडम, धिस हॅज अ स्क्रॅच."

"इट्स फॉर द डाँकीज, माय लव्ह."

"आय अंडरस्टँड. बट द डाँकी डिड नॉट मेक द स्क्रॅच."

मी अशा वेळी जुन्या स्वेटरांच्या मागे लपते. पाच मिनिटांनी आजीबाई हरतात, पन्नास पेन्स कमी करतात. काका विजयी मुद्रेने पैसे देतात, आणि काउंटरवर देणगीचा डबा असतो, त्यात स्वतःच्या खिशातला एक पौंड टाकतात.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी रस्त्यातच त्यांना धरलं. "काका, पन्नास वाचवून शंभर टाकलेत! मग एवढा तमाशा कशाला?"

"घासाघीस वेगळी, दान वेगळं," काका म्हणाले. "एकात दुसरं मिसळायचं नाही."

त्यांच्या खरेदीला नुसतं वाईट म्हणता येत नाही, हाच वैताग. आमच्या पापडांना टोस्ट उभे करायच्या स्टँडसारखी दुसरी जागा नाही. पण एका सत्यनारायणाला काकांनी यजमानांना चिनी मातीचे बारा देखणे कप दिले, बुटके, खाली पाय असलेले. पंचामृत काय शोभून दिसत होतं त्यांत! सगळ्यांनी डोळे मिटून प्राशन केलं. मग यजमानांची इथेच जन्मलेली मुलगी स्वच्छ आवाजात म्हणाली, "आई, हा एग-कप आहे ना, उकडलेल्या अंड्याचा? एग-कपमध्ये देवाचा दूध का घातला?" गुरुजींचा घोट अर्ध्यावर होता.

"न वापरलेले आहेत," काका तेवढंच म्हणाले.

घरात त्यांनी स्वतःसाठी अशी एकच वस्तू ठेवली होती. पॅसेजमध्ये टांगलेला लाकडी बॅरोमीटर. लांबट, पितळी तबकडीचा, हवेचा दाब सांगणारा. हाउन्सलोतल्या पहिल्या भाड्याच्या खोलीत असताना घेतलेला, त्यांची पहिली खरेदी. पितळी कडेवर अर्थातच नाव आणि तारीख. रोज सकाळी काका दाढी करून येत, तबकडीवर दोनदा टकटक करत आणि हवामान जाहीर करत. काटा बहुतेक 'चेंज'वर, म्हणजे हवा बदलणार, असा असे. काका "आज कोरडं" म्हणत, आणि काकू मुकाट्याने छत्री काढत.

आता माझ्या गुन्ह्याकडे येते.

आम्ही घर घेतलं तेव्हा काका-काकू गृहप्रवेशाला आले. काकांच्या हातात बाळाला निजवता येईल अशी स्टीलची लांबलचक पेटी. दोन फूट लांब, वीतभर रुंद, वर झाकण, आत दोन कड्यांची उचलायची जाळी. इंग्रजीत तिला फिश केटल म्हणतात. अख्खा मासा उकडायचं भांडं.

"काका, आमच्याकडे मासे नाही करत."

"मासे कोण म्हणतंय?" काकांचा चेहरा उजळला होता. "अळूवडी! आपण उंडा कापून उकडतो, का? भांडं लहान म्हणून. ह्यात अख्खा मावतो. मी मोजलाय."

झाकणावर माझं आणि नवऱ्याचं पूर्ण नाव, गृहप्रवेशानिमित्त, काका-काकूंकडून. खाली बारीक अक्षरांत, कोणाला शंका नको म्हणून: 'अळूवडीसाठी'.

ते भांडं कुठल्याही कपाटात मावेना. डिशवॉशरमध्ये मावेना. कपाटावर सूटकेसांच्या शेजारी ठेवलं, तर दार जोरात लागलं की वरून झांज वाजायची. अळूवडी मी त्यात एकदा केली. पानांसाठी हाउन्सलोपर्यंत गेले, दिवसभर खपले, दोन शेगड्या पेटवल्या. वडी उत्तम झाली हे मी कबूल करते, आणि तेच मला जास्त झोंबलं. पुढे स्वयंपाकघर नवीन केलं, इंडक्शन शेगडी आली. भांड्याला चुंबक चिकटत नव्हता, म्हणजे ते तापणारच नव्हतं. मला कायदेशीर कारण मिळालं.

कामानिमित्त मी महिन्यातून एकदा केंब्रिजला जाते. जूनमधल्या एका सोमवारी ते धूड डिकीत टाकलं आणि केंब्रिजच्या एका लहानशा दुकानात नेऊन ठेवलं. काउंटरवर साखळीचा चष्मा लावलेल्या बाई होत्या. त्यांनी झाकणावरून बोट फिरवलं.

"हाउ लव्हली. व्हॉट डझ इट से?"

आता माझं नाव आहे म्हणून सांगू? "इट्स अ ब्लेसिंग," मी म्हटलं आणि पळाले. परत येताना गाडीत मी गाणं म्हणत होते.

गुरुवारी काकांचा फोन. "शनिवारी केंब्रिजला जाऊ."

"केंब्रिज? कशाला काका? लांब पडतं. पार्किंग मिळत नाही. सायकलवाले अंगावर येतात."

"टर्म संपली. विद्यार्थी खोल्या सोडतात. सोनं टाकून जातात. दहाला निघू."

त्या शनिवारी मी गाडी कशी चालवली ते आठवत नाही. बेत एवढाच, की काकांच्या आधी त्या दुकानात घुसायचं, स्वतःचं भांडं स्वतः विकत घ्यायचं आणि पोटाशी धरून डिकीपर्यंत न्यायचं. दोन फुटी भांडं पोटाशी कसं लपवतात, हा विचार केला नव्हता. काकांना तीन दुकानं अलीकडे सोडलं, "टॉयलेट शोधते" म्हणाले आणि धावले. पन्नाशीची बाई, ऑफिसच्या बुटांत, सायकलींच्या मधून.

भांड्यांचा शेल्फ पाहिला. नव्हतं. खिडकीत पाहिलं. नव्हतं.

"दॅट?" साखळीच्या चष्म्याच्या बाई म्हणाल्या. "सोल्ड, आय अ‍ॅम अफ्रेड. ऑन वेन्सडे. अ चार्मिंग ओल्ड जंटलमन. मी लेबलवर 'विथ इंडियन ब्लेसिंग' लिहिलं होतं," अशा अर्थाचं काहीतरी त्या हसत हसत सांगत होत्या, "तर तो म्हणाला, मॅडम, हा आशीर्वाद नाही, हा पत्ता आहे, तेव्हा किंमत कमी करा." आणि मग माझ्या खांद्यावरून मागे बघत त्यांनी हात उंचावला. "ओह, देअर ही इज! हॅलो अगेन!"

दारात काका उभे होते. हात मागे बांधलेले.

म्हणजे बुधवारी ते दोन बस बदलून आधीच येऊन गेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शेजारच्या कपबशीला हात लावला, ठेवली. बाईंकडे जाऊन हलक्या आवाजात काही विचारलं. बाईंनी मान हलवली. "नो, वी वेन्ट थ्रू ऑल द बॅग्ज. सॉरी, माय डिअर." काकांनी देणगीच्या डब्यात पौंड टाकला आणि आम्ही निघालो.

परतीच्या वाटेवर काकांनी तासभर एकाही दुकानाचं नाव काढलं नाही. माझ्या ओळखीत प्रथमच. मिल्टन कीन्सची चक्करं सुरू झाली. मांजरांचा एक्झिट गेला, गाढवांचा गेला, काकांनी मान सुद्धा वळवली नाही. मी मनात माफीची अकरा वाक्यं तयार केली आणि एकही तोंडातून निघेना. शेवटच्या चक्कराला ते म्हणाले,

"जाळी तुझ्याकडेच राहिली असणार. त्या बाईंकडे नाही. बघ सापडली तर."

जाळी! ती माझ्याकडेच होती. धुतलेले मिक्सरचे भाग निथळत ठेवायला मी ती सिंकवर लावली होती.

रविवारी सकाळी जाळी घेऊन त्यांच्याकडे गेले. काका फिरायला गेले होते. काकूंनी दार उघडलं, आणि आत पाऊल टाकताच मला पॅसेज विचित्र दिसला. भिंतीवर एक लांबट, उजळ डाग. वरच्या टोकाला खिळा.

"काकू, बॅरोमीटर कुठे?"

"दिला."

"कोणाला दिला?"

"दिला कुठल्याशा दुकानात. बुधवारी ते तुझं भांडं घेऊन आले ना घरी," काकू म्हणाल्या. "मी आपलं नेहमीसारखं विचारलं, एक आलं, आता काय जाणार? मला वाटलं, एखादा डबा देतील. हे उठले आणि बॅरोमीटरच उतरवला."

"पण का? आणि भांडं तरी परत आणलं कशाला? तुम्हाला काय उपयोग त्याचा?"

"मी तेच म्हटलं. तर म्हणाले, त्याच्यावर पोरीचं नाव आहे. नाव कोणी विकायला ठेवतं का?" काकू जाळीवरून हात फिरवत होत्या. मग आवाज उतरला. "बोलून बसले गं मी. मला तरी काय माहीत. आता सकाळी दाढी करून येतात, हात वर नेतात आणि खिळा बघून खाली घेतात. छत्री न्यायची की नाही, घरात कोणी सांगत नाही."

"मग परत आणा म्हणा ना!"

"कायदा मीच केला ना. मी मोडला तर गॅरेज भरायला किती वेळ लागेल?"

काकांना मी थेट विचारलं. "कुठल्या दुकानात दिलात?"

"दिलं ते दिलं," काका म्हणाले, आणि विषय बदलून मला एका ओट्याच्या टाइमरबद्दल सांगू लागले.

तेव्हा, वाचकहो, मी शोधायला निघाले. एकटी. ज्या बाईने आयुष्यभर चॅरिटी शॉपमध्ये स्वेटरांच्या मागे उभं राहून घड्याळ पाहिलं, ती जेवणाच्या सुट्टीत मांजरांकडे, ऑफिस सुटल्यावर बोटींकडे. आणि सांगायला लाज वाटते, पण या शोधात मला तिथली चटक लागली. बॅरोमीटर मिळेना, पण एक चिनी मातीचा जग मिळाला. एक दिवा मिळाला, ज्याची वायर घरी येऊन पाहिली तर मध्येच कापलेली होती. एक रेशमी शर्ट मिळाला, नवऱ्याला अगदी बेतलेला; त्याने ओळखला, कारण तो त्याचाच होता, मीच वसंतात टाकला होता. "तू काका होत चाललीस," नवरा म्हणाला. मी त्या रात्री जेवले नाही.

पाचव्या आठवड्यात, गाढवांच्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर, एका कुत्र्याच्या चित्राखाली तो लटकत होता. काटा 'चेंज'वर. पितळी कडेवर काकांचं नाव.

आणि मी काय केलं? मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. शेजारच्या कुत्र्याच्या चित्राला हात लावला. नाक मुरडलं. मग सहज म्हणून बॅरोमीटर उतरवला, काउंटरवर ठेवला, आणि माझ्या कानांनी माझाच आवाज ऐकला:

"मॅडम, समबडी हॅज स्क्रॅच्ड अ नेम ऑन इट."

आजीबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "यू कम विथ हिम, डोन्ट यू?"

पाच पौंड कमी झाले. मी पाच पौंड देणगीच्या डब्यात टाकले. घासाघीस वेगळी, दान वेगळं.

बॅरोमीटर सीटबेल्ट लावून शेजारच्या सीटवर बसवला आणि काकांच्या दारात जाऊन उभी राहिले. काकांनी दार उघडलं. माझ्या हातातून तो घेतला, चुंबक लावला नाही, टिचकी मारली नाही, सरळ खिळ्यावर टांगला. तिरका लागला होता, तो बोटाने सरळ केला. मग टकटक, दोनदा. काटा हलला नाही.

"आज कोरडं," काका म्हणाले.

बाहेर भुरभुर लागली होती. काकूंनी पदराने डोळे पुसले, आणि मला वाटलं, आता चहा होईल, मी माफी मागेन आणि सगळं एकदाचं मिटेल. पण काकू या काकू आहेत.

"एक आलं," त्या म्हणाल्या. "आता काय जाणार?"

काका आत गेले. माझ्या लक्षात येईपर्यंत ते परतले होते, दोन्ही हातांवर ते भांडं, लहान मूल आणावं तसं. घासून लख्ख केलेलं. आत जाळी बसवलेली.

"काका, नको! काका, माझी इंडक्शन आहे! ते तापतच नाही!"

"त्याची सोय केलीय." त्यांनी जाळी उचलून दाखवली. खाली लोखंडाची एक चपटी तबकडी. "ही शेगडीवर ठेवायची, भांडं हिच्यावर. गाढवांकडे मिळाली. चुंबक लावून बघितलाय."

"अहो, पण तबकडी आत आली तेव्हा काय बाहेर गेलं?" काकूंनी तिथल्या तिथे विचारलं.

"तबकडी भांड्याच्या आत होती. घरात आलीच नाही," काका म्हणाले.

मी झाकणाकडे पाहिलं. आमची नावं, गृहप्रवेश, अळूवडीसाठी. त्याच्या खाली नवीन ओळ, ताज्या चकाकत्या अक्षरांत: 'पुन्हा एकदा. काका-काकूंकडून.' आणि त्या ओळीखाली झाकणाच्या कडेपर्यंत चांगली चार बोटं जागा मोकळी. जिथे काकांचं यंत्र फिरलं, तिथे इतकी जागा कधी मोकळी राहिलेली मी पाहिली नव्हती.

"ही जागा का सोडलीत?" मी विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग वळून बॅरोमीटरवर आणखी एकदा टकटक केली.

"चेंज दाखवतोय," ते म्हणाले.